चूलबंद आवतन आणि एका घरातल्या दोन चुली

वाडी, अमरावती रोड, नागपूर
मे १९७४

रा. रा. मधुकररावभाऊजी, मुक्काम काटोल, यांना धाकटा साळा चंद्रभान याचा बसल्या बसल्या नमस्कार. (वाकून केला असता, पण चार दिवसांपासून कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच.) आमच्याकडे उन्हाच्या मानाने सगळे बरे आहेत. तुमचा गुडघा, कांताताईचा खोकला आणि बगीच्यातल्या विहिरीचं पाणी या तिघांची खुशाली कळवावी. मागच्या पत्रात मी ‘मले’, ‘तुले’ लिहिलं ते तुम्ही संत्र्याच्या बाजारात चार व्यापाऱ्यांना वाचून दाखवलं, असं ताईने कळवलं आहे. म्हणून हे पत्र शुद्ध भाषेत लिहून राहिलो आहे. मधे राग आला तर शुद्धतेची हमी नाही.

तुम्ही कार्डावर एवढंच विचारलंत की सिंधूताईंनी पोरगी पाहिली काय, आणि आपण सगळे लग्नाच्या मांडवापुढे ट्रकातून काहून उतरलात. भाऊजी, याचं उत्तर कार्डात मावत नाही. बेत तुमचाच होता. जरीपटक्याच्या रामाजींच्या मुलीचं लग्न, नवरदेव काटोलचा, वरातीत तुमच्या ओळखीच्या सिंधूताई येणार, त्यांचा मुलगा नोकरीवाला, सुपारीचंही व्यसन नाही. आमच्या प्रेमिलाने मांडवात सहज वावरावं आणि त्यांनी सहज पाहावं. (दोन्हीकडून सहज. त्यासाठी तिच्या आईने, आमच्या गोपिकाने, पंधरा दिवस पोरीकडून सहज चालण्याचा सराव करून घेतला.) पोरीला याआधी दोघे पाहून गेले. दोघांनी पोहे खाल्ले, पाणी प्यायले, आणि मग कळवतो म्हणाले ते अजून कळवूनच राहिले आहेत. त्या दुसऱ्या वेळी प्रेमिला चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती, ते मी पाहिलं आहे, आणि बापाच्या जिवाला काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्यासाठी फक्त एकच गोष्ट लागत होती, लग्नाचं आवतन. तिथेच घोडं अडलं.

आता आमच्या घराची रचना. तुम्ही आमचे जावई असून गेल्या दोन वर्षांत आला नाहीत, म्हणून सांगणं भाग आहे. घर एकच, समोर रस्त्याकडे रुपरावदादा आणि सुभद्रावहिनी, मागे गोदामाकडे आम्ही. वहिनी वऱ्हाडातल्या, त्यांना ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. गोपिका भंडाऱ्याकडची, तिला भात नसला तर ती उपास समजते. एका चुलीवर आधी तवा चढवायचा की आधी भाताचं गंज, म्हणजे पातेलं, यावरून एका सकाळी जे सुरू झालं ते संध्याकाळी दोन चुलींवर येऊन थांबलं. दादाने आठवड्यात अंगणातून भिंत घातली. भिंत सरळ येत होती, पण अंगणाच्या मधोमध मायची बाज होती. गवंड्याने माय, जरा उठता काय म्हणून विचारलं. माय म्हणाली, मी नाही उठत. ती खरोखरच उठली नाही, आणि भिंत बाजेच्या अलीकडे थांबून पलीकडे पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून आमची माय तुळसाबाई डोकं दादाकडे आणि पाय माझ्याकडे करून झोपते. जेवते पाळीने, एक महिना त्यांच्या चुलीवरचं, एक महिना आमच्या. अमावस्येला पाळी बदलते.

मागच्या अमावस्येच्या आदल्या दिवशी रामाजींचा गडी नत्थू सायकलवरून आवतन द्यायला आला. ऊन मी म्हणत होतं, दादाचं दार लोटलेलं, आमचं दार लोटलेलं, मी ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामावर, दादा त्याच्या पिठाच्या चक्कीवर. नत्थूने भिंतीच्या त्या फटीत सायकल लावली, मायच्या हातावर पिवळ्या अक्षता ठेवल्या आणि चूलबंद आवतन आहे म्हणून सांगून गेला. तुम्ही बागायतदार माणसं, तुमच्याकडे सगळीच आवतनं चूलबंद येत असतील. आम्हाला मात्र कधी एका माणसाचं येतं, कधी जोडप्याचं, आणि चूलबंद म्हणजे मानाचं. त्या चुलीवर जेवणारं लहानमोठं एकूण एक माणूस या, घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. पेटवली तर यजमानाचा अपमान, आणि आवतन नसताना गेलं तर स्वतःचा. आता सांगा, आवतन मायला मिळालं. पण माय कोणाच्या चुलीत? आवतन दिलं त्या दिवशी ती आमच्याकडे जेवत होती. लग्नाच्या दिवशी ती दादाकडे जेवणार होती. मी लग्नाचा दिवस धरला, आणि माझ्या हिशेबाने आम्ही त्या आवतनाच्या बाहेर पडलो.

गोपिका म्हणाली, मायलाच विचारा. विचारलं. माय म्हणाली, मले काय इचारता गा, मी पाळीची बाई, जो वाढते त्याची. एवढं बोलून तिने तंबाखूची डबी उघडली. आमची माय एकदा तंबाखू तोंडात टाकली की कोर्टातसुद्धा बोलणार नाही. दादाला विचारायचं तर दोन वर्षं आम्ही एकमेकांशी फक्त खोकून बोलत होतो. (दादा विहिरीवर असला की मी खोकतो, म्हणजे आवर. तो खोकला की मी थांबतो.) लग्नाला आम्ही येऊ का, हे खोकून कसं विचारणार?

मग मी नत्थूला गाठायला जरीपटक्याला गेलो. नत्थू म्हणाला, मी घराले सांगितलं, घरात जे आहे ते सगळं आलं. मी विचारलं, घर म्हणजे कोणतं? तो म्हणाला, जिथं बाज होती ते. बाज भिंतीत आहे, हे त्याच्या डोक्यात शिरेना. मग मी धीर करून खुद्द रामाजींकडे गेलो. तोंड उघडून मला बोलावलं आहे काय हे विचारण्याइतका मी भैताड नाही, म्हणून मांडवाला गोदामातली ताडपत्री हवी का, हे निमित्त काढलं. रामाजी खूष झाले, पाठीवर हात मारून म्हणाले की आणा आणा, तुम्ही तर घरचीच माणसं. भाऊजी, मी रस्ताभर हेच घोकत आलो. घरचीच म्हणजे त्यांच्या घरची, की दादाच्या घरची? आणि घरच्यांना आवतन द्यावं लागत नाही म्हणून दिलं नाही, की दिलंच आहे म्हणून घरचे? ताडपत्री मात्र लग्नाच्या दिवशी पाठवायची कबूल करावी लागली.

घरी येऊन मी गोदामातली रीत लावली. आमच्याकडे एखादी पेटी नेमकी कोणत्या ट्रकात गेली ते पाहायचं असलं की मी ट्रकापासून सुरू करतो. ट्रक उघडायचा, मोठा गठ्ठा काढायचा, त्याच्या आतला काढायचा, त्याच्या आतला. तसंच मी रामाजींपासून निघालो. रामाजींच्या आवतनात कोण? दादाचं घर. दादाच्या घरात कोण? दादा, वहिनी, पोट्टे, चक्कीचा पट्टा, दोन बकऱ्या. बकऱ्यांपर्यंत पोचलो तरी चंद्रभान काही सापडेना. गोपिका भाकरीचं पीठ मळत ऐकत होती. (हो, आता तीही भाकरी करते. वहिनी आता या चुलीपाशी नाहीत म्हणून.) ती म्हणाली, वरून काहून शोधता, आपल्यापासून निघा नं. आपली चूल कशात? मागच्या खोलीत. खोली कशात? छपरीत. छपरी? अंगणात. अंगण? घराभोवतीच्या कुडाच्या, म्हणजे कुंपणाच्या आत. कूड कोणाचा? मायच्या नावावर. असं बाहेर बाहेर जात मायच्या नावाला येऊन टेकलो, आणि आवतन तर मायलाच आहे, म्हणजे आपण आत. मला एकदम पटलं. मग मी विचारलं, आणि वाटेत भिंत लागली तिचं काय? तिच्या हातचं पीठ थांबलं, आणि ती म्हणाली, भिंत मी नाही घातली. घातली मीही नव्हती, पण विटा उतरवून घ्यायला उभा मीच होतो.

आता लग्नाचा दिवस. मुहूर्त गोरज, जेवण त्यानंतर. म्हणजे चूलबंद असेल तर सकाळपासून काही नाही. मी ठरवलं की दादाच्या छपरावर नजर ठेवायची. धूर निघाला तर ते स्वतःला आवतनाबाहेर समजतात, म्हणजे आवतन आमचं. धूर नाही निघाला तर त्यांचं. सकाळी धूर नाही. दहाला नाही. मी शिडीवर चढून पाहिलं, आणि पलीकडे दादा शिडीवर चढून आमच्या छपराकडे पाहत होता. दोघेही एकदम खोकलो आणि एकदम उतरलो. म्हणजे त्यांची चूल बंद, म्हणजे आवतन त्यांचं, म्हणजे आम्ही बाहेर, म्हणजे चूल पेटवायला हरकत नाही. पण पेटवावी आणि आपण आत असलो तर? रामाजींचा अपमान, तोही सिंधूताईंच्या देखत. न पेटवता जावं आणि बाहेर असलो तर? बिनआवतनाच्या बापाची पोरगी म्हणून प्रेमिलाचं नाव काटोलपर्यंत. पोरीने सकाळीच हिरवं लुगडं नेसून ठेवलं होतं आणि चुरगळू नये म्हणून उभीच होती. पोट्टे भुकेने भिंतीला टेकले होते, पलीकडचे पलीकडून, आमचे अलीकडून. मी सांगतो भाऊजी, त्या दिवशी मला स्वतःचा एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पोरीचं भलं दाराशी उभं आहे आणि बाप शिडीवर चढून धूर मोजून राहिला!

दुपारी दोनला मला चहा पाहिजे झाला. चूल पेटवायची नाही, पण स्टो म्हणजे काही चूल नव्हे. (यावर मी आजही ठाम आहे. चुलीला लाकूड लागतं, स्टोला रॉकेल.) मी दार लावून हळूच पंप मारला. आमचा स्टो नवरीपेक्षा जास्त सजवून पेटवावा लागतो, आणि पेटला की अमरावती रोडवरचे ट्रक मागे पडतील एवढा ओरडतो. ओरडला. भिंतीपलीकडून सुभद्रावहिनींचा आवाज आला, दोन वर्षांत पहिला. त्या म्हणाल्या, चूलबंद आवतन हाये नं तुमाले, मंग स्टो काहून पेटवला वं गोपिका? गोपिकाला उत्तर द्यायचं भान राहिलं नाही, ती म्हणाली, आमाले? आवतन तं तुमाले हाये नं!  मग पलीकडून दादाचा आवाज, आमाले कसं, आवतन आलं तेव्हा माय तुमच्या पाळीत होती. मी ओरडलो, आणि आज कोनाच्या पाळीत हाये? (इथून शुद्धता संपली, माफ करा.) दादा म्हणे आवतन ज्या दिवशी आलं तो दिवस धरा लागते, मी म्हणे जेवाचा दिवस धरा लागते. आम्ही दोघं भाऊ भिंतीच्या दोन बाजूंनी एकमेकांना आवतन ढकलत होतो, आणि दोन्ही घरचे पोट्टे सकाळपासून उपाशी होते.

तेव्हा माय बाजेवर उठून बसली. तंबाखू थुंकली. म्हणाली, नत्थूनं मले इचारलं होतं, माय, घरात चुली किती हायेत, रामाजीले सांगा लागते. म्या सांगतलं, एक.

 स्टो अजून ओरडत होता, तो गोपिकाने विझवला. मी भिंतीला टेकून बसलो. भाऊजी, मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. एवढे दिवस मी दुसऱ्यांना विचारत फिरलो की आम्ही आत आहोत की बाहेर, आणि ज्या बाईला विचारायचं होतं तिने केव्हाच सांगून टाकलं होतं. पलीकडून दादा खोकला. हा खोकला विहिरीवरचा नव्हता. मग वहिनी फटीतून अलीकडे आल्या, प्रेमिलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, हे लुगडं काहून नेसवलं पोरीले, माझा जांभळा शालू कोनासाठी ठेवला?

पुढचं सगळं घाईचं. मुहूर्त गाठायला बस मिळेना, तेव्हा गोदामातून ताडपत्री घेऊन जाणाऱ्या ट्रकात आम्ही दोन्ही घरं चढलो. माय ड्रायव्हरजवळ, आम्ही मागे ताडपत्रीवर. (कंबर तिथे धरली. दादा माझ्यावर बसला होता.) मांडवापुढे आम्ही एकामागे एक उतरत होतो, आणि शेजारी उभ्या बाई पाहत होत्या, अजून किती निघतात म्हणून. त्याच सिंधूताई. प्रेमिला उतरताना शालूत पाय अडकून सरळ त्यांच्या अंगावर गेली. एवढा सराव केलेलं सहज चालणं तिथे संपलं. सिंधूताईंनी तिला धरलं आणि विचारलं, कोनाची वं तू? मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, आमची. गोपिकाही म्हणाली, आमची. प्रेमिला हसली. पोह्यांच्या वेळी ती दोन्हीदा रडवेली बसली होती, इथे हसली, आणि आमची पोर हसली की बरी दिसते, हे मी बाप म्हणून नाही सांगत.

पंगतीत सिंधूताई मायजवळच बसल्या. जेवण झाल्यावर मला म्हणाल्या की पोरगी आवडली, पण त्याहून आवडलं ते तुमचं घर. दोन भाऊ, एवढी माणसं, आणि एका चुलीवर! आमाले असंच घर पाहिजे होतं, फुटलेल्या घरची पोरगी आम्ही करत नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही येतो, घर पाहतो, चुलीपाशी बसून जेवतो आणि मग बोलणं करतो. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझ्या तोंडात बुंदी होती.

असं आहे सगळं. सौ. कांताताईस नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुम्ही हे पत्र बाजारात वाचू नये ही हात जोडून विनंती.

आपला
चंद्रभान

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहून गेलं. सिंधूताईंना पुढच्या आठवड्यात येऊ देऊ नका. काहीही सांगा, बगीच्याला पाणी द्यायचं आहे म्हणा, गुडघा म्हणा. आमच्याकडे अजून भिंत उभी आहे आणि चुली दोनच आहेत. निदान पंधरा दिवस थांबवा. पोरीचं सगळं आता तुमच्या गुडघ्यावर आहे.

दुसरा ता. क. भिंत पाडायला दादा तयार आहे, मीही तयार आहे, पण चूल कोणाची बंद करायची यावर अडलं आहे. वहिनी म्हणतात तुझी राहू दे गोपिका, गोपिका म्हणते तुमचीच राहू द्या वहिनी. सकाळी हे मानाने सुरू झालं, आता दोघी एकमेकींना तुझीच कशी राहत नाही ते पाहते म्हणून राहिल्या आहेत. तेव्हा तुम्ही स्वतः या, येताना काटोलचा एखादा भरवशाचा गवंडी आणा. भिंत पाडायची की वाढवायची, ते तो येईपर्यंत ठरेल.

तिसरा ता. क. काल पत्र टपालात टाकायचं राहिलं, म्हणून आज माय सांगते तसं लिहितो आहे, तिचेच शब्द:

जवाईबापू, सिंधूबाईले थांबवू नका, येऊ द्या. गवंडी बी आनू नका. दोघींचं भांडन ऐकून माझे कान किटले. म्या आज सकाळी बाज उचलली आनि तिथं मधात माझी चूल मांडली. विटा भिंतीच्याच काढल्या. भाकर सुभद्रा करते, भात गोपिका करते, जेवाले सगळे इथंच बसतात, आनि तुमचा हा साळा पत्र लिहून राहिला तो बी इथंच ताट घेऊन बसला हाये. उरलेली भिंत राहू द्या. तिच्या आडोशानं वारा लागत नाही, चूल इझत नाही.